आठ नंबरचं टेंगूळ

जुन्या गाड्यांच्या बाजारात म्हणतात, नंबर बघतो तो गिऱ्हाईक आणि पाठ बघतो तो पारखी. आपला पारखी दुसऱ्या जातीतला. गाडी कितीही देखणी असो, हा डोळे मिटायचा आणि डॅशबोर्डखाली हात घालून पत्र्याची मागची बाजू चाचपायचा. लबाड माणूस दर्शनी भाग आरशासारखा करतो. मागे कोण बघतंय म्हणून तिथे हात आखडता घेतो. एकदा एका बहाद्दराने त्याला कागदांची चळत दाखवून तासभर पिडलं. याने चहा संपेपर्यंत ऐकलं, खाली हात घातला आणि म्हणाला, "कागद अस्सल आहेत हो, गाडी तेवढी नकली आहे."

त्या दुपारचं कामही तसं रोजचंच. पस्तीस वर्षांपूर्वी बंद पडलेला स्पोर्ट्‌स गाड्यांचा एक छोटा कारखाना मूळ मालकाच्या मुलाने पुन्हा सुरू केला होता. आराखडे जुने, साचे जुने, आणि चॅसिसवर तेव्हा विकायचा राहून गेलेला नंबर: आठ. ही नक्कल, की त्याच घराण्याची पुढची गाडी, एवढं ठरवून द्यायचं. पारख्याचा नियम साधा होता. हात तोच असेल तर गाडी पुढची, हात दुसरा असेल तर नक्कल.

आठ नंबर का विकला गेला नव्हता, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तेव्हा या कारखान्याच्या गाड्या तोच विकायचा, आणि पत्राकाम करायचा त्याचा एकुलता एक मुलगा. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणत.

"बाबा, ब्रेक जरा मऊ लागतोय. उद्या बघतो," डावऱ्या म्हणाला होता.

"गिऱ्हाईक ताटकळलंय. एक फेरी मारून आण," बाप म्हणाला होता.

आठ नंबरची ती गाडी उतारावरून परत आली नाही, डावऱ्याही नाही. उरलेला पत्रा भट्टीत वितळला, तो बापाने स्वतः उभं राहून वितळवून घेतला.

"निवांत बघा, काका," कारखानदार म्हणाला. "अस्सल म्हणालात तर काकूंच्या दारात उभी करतो. नक्कल म्हणालात तर नंबर खोडतो."

काकू म्हणजे पारख्याची बायको. ती शेडच्या दाराबाहेर खुर्चीत बसली होती. सकाळीच तिने बजावलं होतं, "अस्सल निघाली तर घरी आणायची. मी रोज तिच्यात बसेन, त्याच्याजवळ. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

धूळ नको म्हणून शेडला खिडकी नव्हती. पारखी आत गेला, दार ओढून घेतलं, आणि तेवढ्यात दिवे गेले. त्याचं काही अडलं नाही. नाहीतरी तो डोळेच मिटणार होता.

ओल्या प्रायमरचा वास येत होता. त्याच्याखाली आणखी एक, बारीकसा. लवंगेचा. डावऱ्या काम करताना दाढेखाली लवंग धरायचा.

त्याने खाली हात घातला. पत्रा गार होता. हातोडीचे ठोके उजवीकडून डावीकडे तिरके उतरत गेले होते, डावखुऱ्याचे. बोटं त्यांच्या मागोमाग डाव्या कोपऱ्यात गेली आणि थांबली.

हरभऱ्याएवढं टेंगूळ.

"अगदी सफाईदार काम मशीनचं असतं," त्याने कधीतरी पोराला शिकवलं होतं. "एक चूक ठेवत जा. म्हणजे मला तू सापडशील." त्या दिवसापासून प्रत्येक गाडीत, त्याच कोपऱ्यात, एक टेंगूळ. हे दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

टेंगूळ कोमट होतं.

कानाशी लवंगेचा श्वास आला. "बाबा... ओळखलंत?"

त्याने हात ओढून घेतला. त्या सीटवर रोज जाऊन बसणारी बायको त्याला दिसली. पाय मऊ ब्रेकवर, डोळे मिटलेले, आणि शेजारी हे. चाचपडत तो उजेडात आला आणि मागे दार ओढून घेतलं.

"नक्कल आहे," तो म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने दिलेला हा पहिला खोटा निकाल.

बायको खुर्चीतून उठली. "मागून बघितलंत?"

"बघितलं."

"त्याचा हात नाही?"

"नाही."

तिने मान खाली घातली. आणि बंद दाराआडून हातोडीचा आवाज आला. दोन हलके ठोके, एक जड. दोन हलके, एक जड, अगदी डावऱ्याच्या लयीत.

"कारागीर आत आहेत का रे?" तिने हळूच विचारलं.

"नाही काकू. सगळे जेवायला गेलेत," कारखानदार म्हणाला.

पारखी धावत आत गेला आणि कोपरापर्यंत हात घातला. डावा कोपरा. पुन्हा डावा कोपरा. टेंगूळ नव्हतं. तिरके ठोकेही नव्हते. पत्रा मशीनने काढल्यासारखा सफाईदार झाला होता, आणि त्याच्या बोटांखाली हळूहळू गार होत होता.

"अरे, खोटं बोललो मी..." तो पुटपुटला. "राहू दे ना ते... मी कुठे शोधू आता..."

दिवे आले. मागोमाग आलेली बायको गाडीत वाकून बघत होती. सीटवर अर्धी चावलेली लवंग पडली होती, अजून ओली. तिने ती उचलली आणि मुठीत धरली.

"अहो," ती म्हणाली, "नक्कल म्हणालात ना?"