जुन्या बोटीतले केस

दिवा असू द्या. भित्रा नाही मी, पण ही गोष्ट अंधारात सांगवत नाही.

दोन हजार चारचा नोव्हेंबर. मी तेव्हा निशी-कसाईत राहायचो आणि माझ्या पुण्याच्या कंपनीतर्फे कावासाकीच्या एका जपानी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घ्यायचो. माझी बायको ज्ञानदा जाऊन आठ महिने झाले होते. एक बोट घ्यायची, नदीनदीने कासुमिगाउरा तळ्यापर्यंत जायचं, महिनाभर बोटीतच रांधायचं-झोपायचं, असं आमचं ठरलं होतं. "जुनीच घे हं चंदू," ती म्हणायची. "नवीला ओरखडा पडला तर तू आठवडाभर तोंड पाडून बसशील." ती गेल्यावर बोट काय करायची होती? पण घर खायला उठायचं. म्हणून एका रविवारी सकाळी तोने नदीकाठी ओगावा-सानच्या धक्क्यावर गेलो.

ओगावा-सान सत्तरीचे, बोटी बांधण्यात हयात गेलेली. आता जुन्या बोटी दुरुस्त करून विकायचे. त्यांनी दोन दाखवल्या. पहिली धडधाकट, इंजिन एका झटक्यात सुरू. दुसरी तीस वर्षांची, लाकडी. हातोडीने तळ ठोकत गेलो तर तीन ठिकाणी भद्द आवाज आला. आत डिझेलचा आणि कुजक्या पानांचा वास. शहाण्याने पाठ फिरवली असती.

"ही घेऊ नका," ओगावा-सान म्हणाले. "हिच्यातली बाई अजून काढायची आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

सुकाणूखालची फळी उचकटून त्यांनी काडेपेटीएवढी लाकडी डबी काढली. तिकडची जुनी रीत अशी, की बोट बांधताना मालकाच्या बायकोचे चार केस आत ठेवायचे. ती बोट राखते. मालक बदलला की केस काढून नदीत सोडायचे. त्यांनी डबी उघडली. केस पांढरेशुभ्र होते.

"मालकीणबाई म्हाताऱ्या होत्या?"

"नाही..." त्यांचा आवाज खाली गेला. "मीच ठेवले होते हे. काळेभोर. ती त्याच वर्षी वारली... एकोणतिसाव्या वर्षी."

"मग हे पिकले कसे?"

"तिचा नवरा एकटाच राहिला हिच्यात, तीस वर्षं... मागच्या महिन्यात गेला."

धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटत होतं. मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. त्या अनोळखी माणसाचा. माझी ज्ञानदा चौतिसाव्या वर्षी थांबली होती आणि मी रोज एक दिवस तिच्यापासून लांब चाललो होतो.

"हीच घेतो."

"चंद्रहास-सान, मी तळासाठी नको म्हणत नाहीये..."

"कळलं मला," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी ज्ञानदाच्या कंगव्यातले चार केस नेले. माझ्या आईने तो कंगवा कधीच फेकून दिला असता. गेलेल्या माणसाचे केस घरात कोण ठेवतं? ओगावा-साननी जुने पांढरे केस नदीत सोडले आणि हे डबीत ठेवले.

चार वर्षं ती बोट चालवली. तळ्यापर्यंत गेलो, शंभरदा गेलो. काठावरचे लोक विचारायचे, एकटेच का? मी हो म्हणायचो. मग मंदी आली आणि कंपनीने पुण्याला परत बोलावलं. बोट विकायची म्हणजे डबी काढणं आलं. भर दुपारी ओगावा-साननी फळी उचकटली, डबी माझ्या हातात दिली आणि माझ्यासमोर पाठ करून उभे राहिले.

केस वाढले होते. वीतभराचे हातभर झाले होते, आणि त्यांतला एक पिकला होता. मी तिथेच फतकल मारून रडलो, लाजबीज सोडून, आनंदाने. अडतीस वर्षांची ज्ञानदा मला बघायला मिळाली होती!

डोळे पुसून केस मोजले. चार नव्हते, पाच होते. पाचवा आखूड, राठ... माझा. तिच्या केसांनी त्याला घट्ट गाठ मारली होती. मी नखाने ती सोडवायला गेलो, तेवढ्यात माझ्याच डोक्यावरचा एक केस मागून कुणीतरी ओढला... हलकेच, नको म्हटल्यासारखा.