निळ्या पिंपातलं आगळ

"अब्बा, टेम्पो वळवा! शकूला पुन्हा उलटी झाली!"

माहरुख उतारावरून ओरडतच आली. अर्शदभाईंनी लग्नमांडवाचे वासे भराभर उतरवले आणि टेम्पो चालू केला. मागे मैना आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, शकूला, गोधडीत गुंडाळून बसली. शेजारी शकूचा मोठा भाऊ भरत आणि आत्याच्या लग्नासाठी मुंबईहून आलेली त्यांची चुलत बहीण सेजल.

दर मे महिन्यात माहरुख महाडहून अब्बांच्या टेम्पोतून कापड्याच्या वरच्या वाडीत यायची, सेजल मुंबईहून. मग सुट्टीभर या तिघांची तोंडं बंद म्हणून होत नसत! आज मात्र पोलादपूरच्या दवाखान्यापर्यंत तिघं शकूची गोधडी घट्ट धरून बसली.

डॉक्टरीणबाईंनी शकूचे डोळे पाहिले. पिवळे होते.

"घरातले सगळे धडधाकट आणि ही एकटीच अशी? हिच्या पोटात काय गेलंय ते कळेपर्यंत मी अंधारात चाचपडतेय. घरी जाऊन शोधा. लवकर शोधा!"

सलाईनसाठी माहरुखनं शकूचा हात धरला. एकच बोट मुळापर्यंत लालभडक!

"मेंदी?"

"नाय! मेंदी अजून भिजवली पन नाय," भरत म्हणाला.

माहरुखनं बोटाचा वास घेतला. आंबट, खारट!

"कोकम! भरत, ही चोरून आगळ चाटत होती!"

लग्नात सरबतासाठी म्हणून भरतच्या आजीनं, ठमाबाईंनी, पिंपभर कोकमं मिठात मुरत घातली होती. त्यांना सुटलेल्या खारट रसाला, आगळाला, अजून कुणीच हात लावला नव्हता. म्हणून आजारी पडली ती एकटी शकू!

परत येताच तिघं पडवीत धावली.

"आजी, हे निळं पिंप कुठलं?"

"चांगूशेठकडचं. त्यो कारखान्याची पिंपं इकतो ना! जरा वास येत व्हता, पन मी नदीची वाळू नि काथ्या घेऊन रोज घासलं, मंगच कोकमं भरली. माज्यासारखं लख्ख पिंप अख्ख्या वाडीत नाय!"

माहरुखनं पांढरी ओढणी काढली, तिच्यातून वाटीभर आगळ गाळलं. लाल डागावर बारीक निळा चुरा चमकू लागला! भरतनं पिंपात हात घातला. आतली भिंत मांजराच्या जिभेसारखी खरखरीत झाली होती.

"ए, इकडे बघ!" सेजल किंचाळली. "पिंपावरचा कागद कुणीतरी खरवडलाय. पण चित्रातली ही दोन हाडं राहिलीत! खाली हाडं, म्हणजे वर खोपडी असणार. विष!"

"गप गो!" ठमाबाई भडकल्या. "चांगूशेठ आपला मानूस. त्यो कशाला विष देल? उद्या पावन्यांना काय पाजू, तुजं डोकं?"

तिघं बाजूला जाऊन कुजबुजू लागली. उद्या सगळी वाडी हे पिणार होती!

संध्याकाळी चांगूशेठ आणखी पिंपं घेऊन आला. सेजल सरबताचा पेला घेऊन पुढे झाली.

"शेठ, या पिंपांत आधी काय होतं हो?"

"साबणाचं पाणी, पोरी! अगदी साफ!"

"मग घ्या ना! आमच्या आजीच्या निळ्या पिंपातल्या आगळाचं आहे."

ओठाशी गेलेला पेला तिथंच थांबला.

"मला... घसा बसलाय जरा."

"कोकम घशाला बरं! एकच घोट!"

"उपास हाय माजा!"

"उपासाला कोकम चालतं की, शेठ!" भरत म्हणाला.

चांगूशेठनं पेला केळीच्या बुंध्यात ओतून टाकला. तेव्हा माहरुख शांतपणे म्हणाली, "ते शेजारच्या राहीबाईंच्या चिनी मातीच्या बरणीतलं होतं, शेठ. त्याला का घाबरलात?"

मांडवातले हात जागच्या जागी थांबले. चांगूशेठचा चेहरा पांढराफटक! अर्शदभाईंनी त्याचा दंड धरला. "पिंपं भर टेम्पोत. तूही बस. चौकीवर सांग काय ते."

पिंपात आधी कुठलं विषारी रसायन होतं हे चांगूशेठनं चौकीवर कबूल केलं, तेव्हा कुठं शकूला योग्य औषध मिळालं.

"जगेल," डॉक्टरीणबाई दवाखान्यात आलेल्या ठमाबाईंना म्हणाल्या, "पण यकृताला सूज आहे, फार जपावं लागेल. असलं रसायन प्लास्टिकात जिरतं. वाळूनं ते खरवडलं गेलं, वर आंबट-खारट आगळ! सगळं त्यात उतरलं. आणि पोटात गेलेले प्लास्टिकचे कण पुढे काय करतात, ते आम्हालाही अजून नीट ठाऊक नाही." मग त्या मुलांकडे वळल्या. "शाबास! तुम्ही होतात म्हणून वाडी वाचली."

"म्हंजे..." ठमाबाईंनी आपले हात पाहिले. "मी घासलं म्हनून?"



घरी जाऊन ठमाबाईंनी कोयत्यानं पिंप उभं फाडलं. लग्नात पाहुण्यांना गूळपाणी दिलं. मग त्या पुन्हा दवाखान्यात आल्या. वाळूनं सोललेला हात त्यांनी आधी माहरुखच्या, मग सेजलच्या आणि भरतच्या डोक्यावर ठेवला.

"पोरांनू, मोठ्यांना दिसलं नाय ते तुमी बघितलंत!"

तेवढ्यात शकूनं डोळे उघडले. "आजी, लग्नात आगळ व्हतं? माज्यासाठी ठेवलंस?"

ठमाबाईंनी तिचं ते लाल बोट मुठीत घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.