हौसाबाईची चाल

चालपारख यंत्राने निकाल दिला तेव्हा केतकी लवटेला आधी हसूच आलं. पुण्याच्या गतिमापन प्रयोगशाळेतल्या पडद्यावर दोन रेषा होत्या, एक निळी आणि एक तांबडी, आणि दोन्ही एकमेकींवर अशा चपखल बसल्या होत्या की वेगळ्या काढायची सोय नव्हती. निळी रेघ तिच्या चित्रपटातल्या आजीच्या चालण्याची. तांबडी 'चालना' कंपनीच्या गतिसंग्रहातल्या कुणा अनोळखी बाईच्या चालण्याची. म्हणजे केतकीने चोरी केली, असं यंत्राचं म्हणणं.

आता याला काय म्हणावं? आठ मिनिटांच्या त्या चित्रपटातलं एकेक चित्र तिने हाताने काढलं होतं. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला, पण यंत्राला बोट लावू दिलं नाही. 'झुला सोडताना' हे त्याचं नाव, आणि गोष्ट घरचीच. आजी, हौसाबाई, सर्कशीत झुल्यावर काम करायची. एका खेळात पडली, डावा खुबा मोडला. मग ती एकटी सर्कशीच्या फाटकातून बाहेर पडली, मागे वळूनही न पाहता, आणि मिरजेला येऊन तिने नवा संसार थाटला. आजीने घरात एवढंच सांगितलं होतं, आणि केतकीने तेवढंच काढलं; चाल मात्र लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेली. ते मागे वळून न पाहणं बघून परदेशातले परीक्षक ढसाढसा रडले होते आणि त्यांनी सुवर्णपदक देऊन टाकलं होतं.

आणि आता गतिहक्क कायदा आडवा आला. हा कायदा कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला देव जाणे. माणसांच्या अंगाला संवेदक लावून त्यांच्या हालचाली टिपायच्या, विकत घ्यायच्या, आणि मग कुठल्याही चित्रपटात तशी हालचाल दिसली की हक्क सांगायचा. परवानगी नसेल तर चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट. कंपनीने मोठ्या मनाने तडजोडही सुचवली: शेवटच्या नावांमध्ये 'चाल: चालना यांच्या सौजन्याने' एवढं घाला. आजी कुणाच्या सौजन्याने चालत नव्हती, असं केतकीने उलट कळवलं. पदक गेलं खड्ड्यात, पण आजीची चाल कंपनीच्या नावावर चढणार हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

म्हणून हा लवाद. निवृत्त न्यायाधीश खासनीसबाई प्रयोगशाळेतच टेबल मांडून बसल्या होत्या, आणि कंपनीचे तज्ज्ञ डॉ. मोघे त्यांना समजावत होते.

"दोन माणसांची चाल इतकी जुळूच शकत नाही. हाडांची लांबी, वजन, जुन्या दुखापती, सगळं मिळून एका शरीराची एक गतिमुद्रा बनते. बोटांच्या ठशासारखी. जुळली, म्हणजे नक्कल."

"अर्धंच सांगताय," डॉ. सायमन पेणकर म्हणाले. हे केतकीच्या बाजूचे. सारा जन्म रांगत्या-चालत्या पोरांचा अभ्यास करण्यात गेलेला, आणि बोलणं तिरकस. "अर्धी मुद्रा हाडांची, अर्धी शिकलेली. मूल पहिल्या चार-पाच वर्षांत ज्याच्या मागेमागे फिरतं त्याची चाल उचलतं. जन्मभर तीच राहते."

"असं? मग हौसाबाईंची मुलगी समोरच बसली आहे. ती का नाही लंगडत?"

सगळ्यांनी केतकीच्या आईकडे पाहिलं. इंदूताई जरा अवघडल्या. लहानपणी आपणही तशाच चालायचो, त्या म्हणाल्या, पण आई पोटरीवर फटके द्यायची, नीट चाल म्हणायची. एरवी तिने कधी अंगाला हात लावला नाही. पुढे लग्नाला अडचण नको म्हणून करत असेल बिचारी.

मोघ्यांचा चेहरा खुलला. त्यांनी पडद्यावरची रेघ बोटाने दाखवली. डावी कंबर वर उचलली जाते, पाऊल कडेवर पडतं, मग क्षणभर थांबा. ही मोडून जुळलेल्या खुब्याची खूण. "ज्याच्या शरीरात चालीचं कारण, तो तिचा मालक, असं कायद्यातच आहे. आमच्या बाईंच्या शरीरात ते कारण आहे. केतकीबाईंकडे नुसती पेन्सिल आहे." हवं तर त्या बाईंनाच हजर करतो, खुबा तपासून घ्या, असंही त्यांनी ठणकावलं. चाल टिपताना त्यांची हाडं कुणी तपासलीच नव्हती. गरजच वाटली नव्हती.

पुढच्या तारखेला बाई आल्या. नाव रत्नमाला, सत्तरी ओलांडलेली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्या दारापासून खुर्चीपर्यंत चालत आल्या तेवढ्यात इंदूताईंनी केतकीचं मनगट आवळून धरलं. केतकी खुर्चीतून अर्धी उठली. आपण काढलेलं चित्र पडद्यातून उतरून समोर चालत होतं.

अस्थिछायेच्या यंत्राखाली त्यांना झोपवलं. पडद्यावर खुबा उमटला तो ठणठणीत. तडा नाही, जोड नाही. मोघ्यांनी यंत्र पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

"मग तुम्ही लंगडता कशाने?" खासनीसबाईंनी विचारलं.

"आई अशी चालायची," रत्नमालाबाई म्हणाल्या. मग त्या सांगत गेल्या, अगदी शांतपणे. आई झुल्यावरून पडली तेव्हा त्या रांगत होत्या. मोडका माणूस सर्कशीला काय कामाचा? काही वर्षं पडेल ते काम करवून घेऊन मालकाने तिला हाकललं, पण कराराचा कागद दाखवून पोरीला ठेवून घेतलं, कारण पोर दोरीवर चांगली चालायची. "मी तेव्हा पाच वर्षांची असेन. लंगडले की मालक छडीने मारायचा. दोरीवर सरळ चालायचे, पण खाली उतरले की पुन्हा अशीच. नाही सोडली. आईचं एवढंच माझ्याकडे होतं, ते का देऊ त्याला? कंपनीने पैसे दिले ते नुसतं चालून दाखवायचे, असं वाटलं मला."

आईचं नाव काय, पेणकरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, हौसा.

इंदूताईंना रडू आवरेना. केतकीला रडू आलं नाही, तिला संताप आला. एकाने पोर ठेवून घेतली होती, दुसऱ्याने त्या पोरीकडून तिच्या आईची चाल घेतली, आणि दोघांकडेही कायदा होता.

खासनीसबाईंनी फार वेळ लावला नाही. "चालीचं कारण हौसाबाईंच्या खुब्यात होतं. ते विकणारीकडे नव्हतंच, मग घेणाऱ्याकडे कुठून येणार? चाल लेकींची. चित्रपट मोकळा. अस्सल कौटुंबिक इतिहास म्हणून त्याला प्रमाणपत्र द्यावं."

"देऊ नका," केतकी उठून म्हणाली. "तो खोटा आहे."

पेणकरांनी तिची बाही ओढली. पण आता ती थांबणार नव्हती. चित्रपटातली आजी एकटी बाहेर पडते. खरी आजी लेक मागे ठेवून बाहेर पडली होती. ज्या पुराव्याने चाल खरी ठरली त्यानेच गोष्ट खोटी ठरली, यात मान्य न करण्यासारखं काय होतं? पदक परत पाठवते, शेवट नव्याने काढते, तिने सांगून टाकलं. पदक पुन्हा मिळणार नाही, असं मोघ्यांनी जरा खोचकपणेच सुनावलं. न मिळू दे, म्हणाली ती.

मग ती रत्नमालाबाईंपुढे जाऊन बसली.

"मावशी, फाटकातून जाताना तिने मागे वळून पाहिलं होतं का गं?"

"वळायचं कशाला?" मावशी म्हणाल्या. "ती उलटी चालत गेली. तोंड माझ्याकडे, पाय मागे मागे. मोडक्या खुब्याने, पार रस्त्यापर्यंत. दाखवते थांब."

त्या खुर्चीला धरून उठल्या. पायाखालच्या फरशीतले संवेदक हिरवे झाले, पडद्यावर नवी रेघ थरथरू लागली. मोघे भान विसरून पुढे झुकले.

"आधी ते यंत्र बंद करा," केतकी म्हणाली.

"अहो, अशी चाल जगातल्या एकाही संग्रहात नाही."

"नसू दे. बंद करा."

मोघ्यांनी खासनीसबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे फरशी काळी झाली. मावशी मागे मागे पावलं टाकू लागल्या, आणि इंदूताई डोळे पुसत उठल्या आणि त्यांच्यासमोर, त्या पाच वर्षांच्या पोरीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.