खालचा सूर

हे घडलेलं आहे, रचलेलं नाही. गुलशन माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तिला साधी थाप मारता येत नाही, भुताची गोष्ट कुठून रचणार?

बकरी ईदनंतरचा रविवार होता. जागा शहागंज, घड्याळाच्या दुकानावरची खोली. आणि वेळ भर दुपारची. खाली बाजार नुसता गजबजलेला.

खोली तिच्या अब्बांची, दाऊदभाईंची. जन्मभर त्यांनी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली. थंडीत ते गेले.

ऑर्केस्ट्रातली त्यांची जागा गुलशनला हवी होती. ऑर्केस्ट्राचे मालक काकासाहेब त्याच संध्याकाळी तिला ऐकायला येणार होते. नाही जमलं तर बेसचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला देऊन मोकळे होणार होते.

गिटार तिला येत होती. पण अब्बांच्या पेटीतली ती गिटारचा आवाज बदलणारी, पायानं दाबायची पेडलं... त्यांना तिनं कधी हात लावला नव्हता. पाय तर नाहीच.

म्हणून ड्रमवाले शौकतचाचा शिकवायला आले होते.

“हा कंप्रेसर, बेटा. तुझ्या फुप्पीसारखा. मोठी गोष्ट दाबतो, बारकी उकरून वर काढतो.”

गुलशन हसली; आत्या होतीच तशी. चाचांनी पेडल दाबलं.

तिनं तारांना बोटही लावलं नव्हतं. स्पीकरमधून आधी नुसती सरसर आली. मग त्या सरसरीतून...

कुणीतरी श्वास घेतला.

वाजवायला सुरुवात करताना घेतात, तसा.

“पंखा असंल,” चाचा म्हणाले.

पंखा बंद होता.

दुसरं पेडल ऑक्टेव्हर. “तू वाजवशील तोच सूर, एक सप्तक खाली. त्याला सोताचं डोकं नाय.”

गुलशननं संध्याकाळची धून धरली. तिचं एक जुनं दुखणं होतं. ‘ई’ सुरावरून ‘ए’ सुरावर जाताना ती नेहमी एक मात्रा आधी जायची. आताही गेली.

खालचा सूर... गेला नाही.

तो ‘ई’वरच थांबला. मात्रा पुरी झाली, मग सावकाश ‘ए’वर आला.

“परत वाजव,” चाचा हळूच म्हणाले.

परत ती आधी गेली. परत तो वेळेवर आला.

चाचांनी पेडल बंद केलं. त्याचा लाल दिवा विझला.

सूर नाही विझला.

मग त्यांनी घाईघाईनं ट्यूनर दाबला. तो चालू केला की स्पीकर मुका होतो, नुसतं सुराचं अक्षर काचेवर दिसतं.

खोली गप्प. गुलशननं पंजा तारांवर घट्ट दाबून धरला.

काचेवर ‘ई’ उमटला.

मग, अगदी ठेक्यात... ‘ए’.

गुलशनचे डोळे भरून आले. “चाचा, अब्बा आहेत. माझी चूक सुधारतायत.”

शौकतचाचांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“बेटा... दाऊद ‘ए’वर कधीच वेळेवर आला नाय. जिंदगीभर आधीच जायचा. लई भांडलो आम्ही त्यावरनं. तुझी चूक त्याचीच हाये.”

“मग हे कोण?”

चाचा चपला हातात घेऊनच जिना उतरले.

काकासाहेब आले तेव्हा ती एकटी होती. पेटी बंद करून ठेवायला हवी होती, मान्य. पण जागा हवी होती ना! तिनं पेडल दाबलं आणि त्या खालच्या सुराच्या मागं मागं जात राहिली.

एकदाही चुकली नाही.

“बापापेक्षा पक्की आहेस गं,” काकासाहेब म्हणाले. जागा तिला मिळाली.

मी म्हटलं, “पोरी, ती पेटी देऊन टाक कुणाला तरी.”

“देते, खाला.”

अजून दिलेली नाही.

परवा माझ्याकडं आली होती. चहा ओतता ओतता तिचा हात मध्येच थांबला. धार तुटली. एक मात्राभर तसाच... मग पुढं गेला.

“काय गं, काय झालं?”

ती हाताकडं बघत होती.

“खाला,” ती म्हणाली, “मी नाही थांबवला.”