गुरू ग्रहावरची निळी छत्री

छत्रीवर थप्पकन काहीतरी येऊन चिकटलं आणि नांग म्वे सान चढणीवरच थांबली. खळीनं ओला झालेला भलामोठा कागद होता तो... पिवळसर, त्यावर पांढरे पट्टे आणि एक लाल डाग. ब्रह्मदेशातल्या टाउंजी गावचा वारा ऐन दिवाळीच्या सुमारास असाच वात्रटपणा करतो.

"ओढू नका! अहो, ओढू नका म्हणतोय ना!" मागून एक तरुण धावत आला. लुंगी खोचलेली, हात कोपरापर्यंत खळीनं माखलेले.

म्वेला कोणी 'नको' म्हटलं की तिचा हात आपोआप पुढे व्हायचा. तिनं ओढलाच. टर्र... कागद शाबूत राहिला, फाटली ती छत्री. पिंडाया गावची, निळ्या कागदाची, आईच्या आठवणीची.

"कागद वाचला!" त्यानं सुटकेचा श्वास सोडला.

"आणि माझी छत्री?"

तेव्हा कुठे त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. "या, शेडमध्ये या. ठिगळ लावून देतो."

तो साइ हान. पौर्णिमेच्या फुग्यांच्या जत्रेत मशालीच्या धगीवर उडवायचा खालच्या आळीचा कागदी फुगा यंदा त्याच्या हाती होता. शेडभर कागदाचे पट्टे वाळत घातले होते. म्वेनं एका नजरेत ओळखलं.

"गुरू ग्रह ना? पण उलटा रंगवलाय. लाल डाग खालच्या अर्ध्यात असतो."

"आकाशात वर कुठलं आणि खाली कुठलं?"

"आकाशाला माहीत नसेल. मी कॉलेजात शिकवते, मला माहीत आहे."

तो हसला. छत्रीवर पिवळं ठिगळ दाबता दाबता त्यानं सहज विचारलं, "कुठल्या आळीच्या तुम्ही?"

"वरच्या."

त्याचा हात थांबला. "खुन म्यातांच्या आळीच्या?"

"भाची आहे मी त्यांची."

"मेलो!" त्यानं कपाळावर हात मारला आणि कपाळही खळीनं माखून घेतलं. जत्रेपर्यंत दुसऱ्या आळीला फुगा दाखवायचा नाही, हा टाउंजीचा रिवाज. आणि खुन म्यात म्हणजे वरच्या आळीचे म्होरके! गेल्या वर्षी खालच्या आळीचा फुगा छपराच्या उंचीवरच जळाला, तेव्हा 'भाजका तोफू, भाजका तोफू' असा गजर त्यांनीच सुरू केला होता.

"मी कोणाला सांगणार नाही," म्वे म्हणाली.

"कशावरून?"

"मी म्हणतेय म्हणून." मान ताठ करून ती निघून गेली.

दोन दिवसांनी ती परत आली. डाग खाली आला की नाही ते बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. डाग खाली आला होता. मग तिसऱ्यांदा आली, तेव्हा तिनं स्वतःला काहीच सांगितलं नाही.

त्या दिवशी साइ हान फुग्याच्या माथ्यावर बसवायला आळीचा झेंडा धरलेला एक कागदी माणूस बनवत होता. म्वेला हसू आवरेना.

"हा उभा कशावर आहे?"

"ग्रहावर. आणखी कशावर?"

"तिथे जमीनच नाही रे! नुसती हवा. खाली जावं तशी ती दाट होत जाते, तापत जाते. पाय टेकण्याआधीच माणसाचा चुरा होईल."

"मग जायचंच नाही?" तो खरोखर हिरमुसला.

"तू सांग. फुगेवाला तू आहेस."

त्यानं गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. "तरंगायचं! फुगा न्यायचा... हलक्या वायूचा."

"तिथली हवा म्हणजे बहुतेक हायड्रोजन. सगळ्यांत हलका तोच. त्याहून हलकं काय भरशील?"

म्वेला उत्तर माहीत होतं, पण ते तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. वरच्या पट्ट्यांकडे बघत तो बराच वेळ ओठ चावत राहिला आणि एकदम उठून उभा राहिला.

"तोच वायू तापवायचा! आपण इथे करतो तसं!"

"शाब्बास!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. "पण मशाल चालणार नाही हं. तिथे प्राणवायू नाही, आग पेटतच नाही."

"मग ऊब?"

"घरून न्यायची. न विझणारी."

"जमेल कधी माणसाला?"

"आज तरी नाही. अंगाचं वजन अडीचपट होईल, वाटेतले किरण जाळतील, आणि तिथून परत वर यायला पुरेसं बळ अजून कुठल्याच यानात नाही. एकट्यानं जाऊन बसायची जागा नाही ती."

"एकटा जातोय कोण?" साइ हान हळूच म्हणाला.

खळीचं भांडं दोघांच्या मध्ये होतं. म्वे त्यातच बघत राहिली...

घरी मामानं छत्री उघडून पाहिली. "हा पिवळा रंग कुठला?"

म्वेनं छत्री त्याच्या हातातून घेऊन मिटली. मामानं तिला लहानाचं मोठं केलं होतं. त्याच्याशी खोटं बोलणं तिला जमत नसे. त्यानंही पुढे विचारलं नाही. "पौर्णिमेला ढोलापुढे तू नाचायचंस," एवढंच तो म्हणाला. "तुझी आई नाचायची, त्या जागी. आळी वाट बघतेय."

पौर्णिमेच्या दुपारी मैदान फुलून गेलं होतं. लाल पटका बांधून म्वे आपल्या आळीच्या ढोलापुढे उभी होती. छत्री काखेत होती.

खालच्या आळीचा फुगा धूर पिऊन फुगला, सुटला, आणि गुरू ग्रह पट्ट्यापट्ट्यांनी डुलत वर निघाला. माथ्यावर झेंडेवाला नव्हता. खाली एक टोपली लोंबत होती आणि तिच्यात हातभर उंचीची दोन कागदी माणसं. एकाच्या हातात काही नव्हतं. दुसरीच्या हातात निळी छत्री... आणि छत्रीवर पिवळं ठिगळ.

म्वेचे कान तापले. विचारलं होतं का यानं मला? सगळ्या गावासमोर!

मामा एकटक वर बघत होता. मग त्यानं वळून तिच्या काखेकडे पाहिलं.

तेवढ्यात वारा आला. फुगा कलला, आगीची जीभ कागदाकडे वळली. वरच्या आळीत कुणीतरी ओरडलंच, "भाजका तोफू!" ढोलानंही तोच ठेका उचलला. पलीकडे साइ हान दोन्ही मुठी आवळून उभा होता.

फुगा पडला असता तर ती छत्रीसुद्धा टाउंजीसमोर जळून पडली असती. म्वेला ते कळत होतं. विचारलं नसेल त्यानं, पण उत्तर द्यायचं ते तो फुगा वर आहे तोवरच! आणि हा फुगा पडला, तरी तो तिचाच होता. त्यावरचा लाल डाग तिनं खाली आणला होता.

तिनं काखेतली छत्री काढली आणि उघडली. स्वच्छ उन्हात, आपल्या आळीच्या ऐन मधोमध, हात पुरेल तेवढी उंच धरली.

ढोल थांबला. फुगा क्षणभर तसाच तिरका लटकला... मग सावरला आणि सरळ वर चढत गेला.

"म्वे," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "छत्री दिसतेय सगळ्यांना."

"दिसू दे, मामा. म्हणूनच उघडली."

मामानं गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं, ढोलवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वाजव रे. बघतोस काय? आमची पोरगी गुरूवर चाललीय!"

मैदानापलीकडे साइ हान वर बघतच नव्हता. तो त्या निळ्या छत्रीकडे बघत होता. आपला फुगा किती उंच गेला, हे त्याला नंतर दुसऱ्यांना विचारावं लागलं.