पोर्ट ४०१०७

धाकटा भाऊ नेटवर्क इंजिनिअर होता, आणि अख्ख्या खानदानाला अक्कल शिकवायचा मक्ता आपल्याकडेच आहे असं त्याला वाटायचं. ताईनं दुपारी बोलावलं, तेव्हाही तो तोंड वाकडं करूनच आला. ताई घरी बसून एका इस्पितळाचे रिपोर्ट टाइप करायची. इस्पितळानं कळवलं होतं की कॉम्प्युटरचे सगळे पोर्ट बंद असल्याचं चार वाजेपर्यंत लिहून द्या, नाहीतर काम बंद. सध्या घर तेवढ्या एका कामावर चालत होतं.

पोर्ट म्हणजे काय, असं तिनं भीतभीत विचारलं. बाहेरच्यांनी कॉम्प्युटरशी बोलायच्या वाटा, तो म्हणाला. पुढचं तुला झेपणार नाही, हे चेहऱ्यानंच सांगितलं.

जेवणाच्या टेबलावर स्वतःचा लॅपटॉप मांडून त्यानं आतल्या खोलीतल्या तिच्या कॉम्प्युटरची तपासणी लावली. एकच पोर्ट उघडा निघाला, ४०१०७. दाजींनी कसला तरी फुकटचा गेम घातला असणार. त्या माणसाकडून आणखी काय होणार! त्यानं पोर्ट बंद करून पुन्हा तपासलं. तरी उघडाच. उत्तर यायला नव्वद मिलिसेकंद लागत होते. आतल्या खोलीतून एकसुद्धा लागायला नको. नव्वद म्हणजे उत्तर समुद्रापलीकडून यायला हवं. राउटरही भंगारातला आणलाय, असं पुटपुटत त्यानं जाऊन कॉम्प्युटरची केबलच उपटली.

पुन्हा तपासलं. उघडा. एकतीस मिलिसेकंद.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला, भिंतीतला प्लगही काढला.

उघडा. आठ.

आपलंच काहीतरी चुकतंय, असं त्यानं स्वतःला बजावलं, पण तो चांगलाच घाबरला होता.

"झालं का रे बंद?" ताईनं विचारलं. चारला सात मिनिटं होती.

मला कळत नाही, असं तो तिच्यापुढे जन्मात म्हणाला नव्हता. त्यानं 'सर्व पोर्ट बंद आहेत' असं लिहिलं, खाली आपलं नाव घातलं आणि धाडून दिलं. मग लॅपटॉप बंद करून बॅगेत कोंबला. ताईचे डोळे भरून आले. एवढ्याशा गोष्टीचं किती ते कौतुक, असं म्हणत तो बुटाच्या नाड्या बांधू लागला.

तिचा फोन वाजला. इस्पितळातला कॉम्प्युटरवाला होता.

"माझं काम टिकलं," ती ऐकताऐकता म्हणाली. "माझं सगळं बंद आहे. आपल्या घरच्या नेटवर तुझ्या लॅपटॉपचा मात्र एक उघडा दिसतोय त्यांना."

"लॅपटॉप बंद आहे."

तिनं फोनवर तसं सांगितलं. बराच वेळ ऐकलं.

"त्यांनी आत्ता परत बघितलं," ती म्हणाली. "त्या पोर्टला कोण आहे विचारलं की तुझं नाव येतंय. आणि पुढे लिहून येतंय, पोचलो."