मागे गेलेलं घड्याळ

“पुन्हा चूक!”

काकांनी कीबोर्डवरून हात उचलले. पासवर्ड चुकीचा आहे, पडद्यावर तेच वाक्य.

शीतगृहाचा हा जुना सर्व्हर काकांनीच बसवला आणि निवृत्त होईपर्यंत तळहातावरच्या फोडासारखा जपला. गेल्या आठवड्यात इथे गॅस गळला. भोंगा वाजलाच नाही. एक कामगार अजून बेशुद्ध. भोंगा बंद केल्याचा आळ पाळीवरच्या ऑपरेटरवर, म्हणजे काकांच्याच मुलावर आला आणि पोलिसांनी त्याला कोठडीत टाकलं. भोंगा खरा कुणी बंद केला, हे फक्त या सर्व्हरमध्ये होतं. आणि ऐन वेळी बापाला पासवर्ड आठवेना!

“माझं डोकंच गेलं,” काका म्हणाले. “पोराला मीच बुडवला.”

“वय झालं की व्हायचंच,” मॅनेजर हळहळले.

मालकीणबाईंनी शेवटी दुरुस्तीवाल्या बाईला बोलावलं. अडलेली यंत्रं उघडते म्हणून सगळे तिला किल्लीबाई म्हणत. बाई भलती फटकळ. तिने आल्या आल्या काकांना पाणी दिलं आणि विचारलं, “वीज गेली की हे यंत्र काय करायचं?”

“वीज आली की आपोआप सुरू. पासवर्ड न विचारताच आत शिरायचं, तशी सोयच केली होती मी. फक्त आतली बॅटरी मेलीय, त्यामुळे तारीख पार मागे जाते. ती हाताने लावावी लागते. माझ्यानंतर मुलगा न चुकता लावायचा.”

“मग आज पासवर्ड का विचारतंय?”

काकांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बाईने मॅनेजरकडे मोर्चा वळवला.

“साहेब, अपघातानंतर या खोलीत कोण आलं?”

“चिटपाखरूसुद्धा नाही!” मॅनेजर म्हणाले. “गॅस गळताच मी वीज तोडायला लावली, खोलीला कुलूप ठोकलं. एकच किल्ली, ती माझ्या खिशात. वीज दुसऱ्या दिवशी आली, पण दार आजच उघडलंय.”

किल्लीबाईने आपली कुलूपतोडी सीडी घातली आणि ती पासवर्डला बगल देऊन आत शिरायला लागली. काका येरझाऱ्या घालत होते. मालकीणबाई पदराचं टोक पिळत होत्या. पंखा नुसता घरघरत होता.

“पासवर्ड बदललाय,” ती म्हणाली. “तारीख मात्र सर्व्हर विकत घेतला त्याच्याही आधीची.”

“बघा!” मॅनेजर म्हणाले. “जुनीच गोष्ट. काकांनीच बदलला आणि विसरले.”

“यंत्र यायच्या आधीच? काका जादूगार आहेत की काय?” ती मॅनेजरकडे वळली. “अहो, तारीख खोटी असली तरी नोंदी एकाखाली एक पडतात. ही नोंद अपघाताच्या खाली आहे. तुम्ही वीज तोडलीत, तारीख मागे गेली. वीज आली, यंत्र आपोआप आत शिरलं. समोर बसलेल्याला जुना पासवर्ड माहीत असायची गरजच नव्हती; त्याने सरळ नवा टाकला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. काकांची सोय जुन्या पासवर्डवर चालायची, ती तिथेच संपली. तेव्हा मुलगा कोठडीत, काका घरी, दाराला कुलूप. किल्ली कुणाच्या खिशात होती, साहेब?”

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

“भोंगाही तुमच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून बंद झालाय. नोंद पुसता आली नाही, म्हणून वाटच बंद केलीत ना?”

“माल भरायचा होता हो!” ते ओरडले. “भोंगा उगाच वाजायचा, सगळे काम टाकून पळायचे. मला काय माहीत, त्या दिवशी खरंच...”

“माणूस मरणाच्या दारात आहे!” मालकीणबाई कडाडल्या. त्यांनी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

काका भिंतीला टेकून उभे होते. “म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नाही, काका. तुम्ही टाकत होतात तोच खरा.”

म्हाताऱ्याचा बांध फुटला. डोळे पुसत त्यांनी घरी फोन लावला.

“सूनबाई, रडू नकोस. तो येतोय घरी. आणि ऐक, माझं डोकं ठिकाणावर आहे गं.”